द्राक्षाची तारीख, जवाची कृती

वाइन आणि बिअर यांची तुलना करायला बसलं की लोक चवीपासून सुरुवात करतात, नाहीतर किमतीपासून. मला साखरेपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण बाकीचे बहुतेक फरक तिथूनच फुटतात.

द्राक्षाचा मणी वेलीवरच गोड होतो. त्यातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा साध्या रूपात असते, यीस्टला ती थेट खाता येते. मणी फुटला, रसात यीस्ट गेलं की काम सुरू. जवाच्या दाण्यात साखर नसते, पिष्ट असतं, आणि पिष्ट यीस्टच्या कामाचं नाही. ते आधी तोडून त्याची साखर करावी लागते. त्यासाठी जव भिजवा, मोड आणा, वाळवा, भरडा, ठरावीक तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवा, गाळा, उकळा, गार करा. मग कुठे यीस्ट घालायची वेळ येते.

म्हणजे वाइन करणाऱ्याला तारीख पाळावी लागते आणि बिअर करणाऱ्याला कृती. द्राक्ष पिकलं की त्याच आठवड्यात तोडावं लागतं, वर्षातून एकदाच, आणि चुकलं तर पुढची संधी बारा महिन्यांनी. वाळवलेलं माल्ट (मोड आणलेला जव) पोत्यात महिनोन्‌महिने राहतं; आजचा घाणा बिघडला तर पुढच्या आठवड्यात दुसरा लावता येतो. आपल्याकडे वाइन म्हणजे वरच्या वर्गाची आणि बिअर म्हणजे पोरासोरांची अशी एक वाटणी झाली आहे. ती मला अजिबात पटत नाही. दोघींमागची मेहनत सारखीच आहे, फक्त ती वर्षाच्या वेगळ्या काळात आणि वेगळ्या जागी होते.

महाराष्ट्रात वाइनची मेहनत कुठे होते ते पाहायचं तर वाइनरीच्या आधी बागेत जावं. दिंडोरी, निफाड, इगतपुरी, तिकडे अकलूज, नारायणगाव. 1980च्या दशकात नारायणगावजवळ शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन बनवायला घेतली, 2000च्या सुमारास राजीव सामंतांनी नाशिकजवळून सुलाची पहिली वाइन बाजारात आणली, आणि 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. तेव्हापासून शेनिन ब्लांक, सोव्हिन्यॉं ब्लांक, शिराझ, कॅबरने ही द्राक्षाच्या वाणांची नावं नाशिकच्या बागाईतदाराच्या तोंडी रुळली.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. पानं गळतात, एकदा छाटणी होते, सप्टेंबरात तोडणी. नाशिकला वेलीला झोपायला लावेल एवढी थंडीच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी: ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या कायम फांदीवरच्या, काड्या एक-दोन डोळ्यांवर (कळ्यांवर) आणायच्या. त्यातून नव्या काड्या फुटतात आणि पुढच्या दोनेक महिन्यांत त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतो. म्हणजे फेब्रुवारीत हाताला लागणारं फळ आदल्या मे-जूनमध्येच ठरलेलं असतं. त्या दिवसांत ढगाळ हवेने ऊन कमी मिळालं, किंवा नत्र जास्त होऊन नुसता पाला माजला, तर डोळा वांझ निघतो. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ धरायची गोडी छाटणी, आणि जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत तोडणी.

या दुहेरी छाटणीचा मोठा फायदा असा की फळ आपल्या हिवाळ्यात पिकतं. दिवसा ऊन, रात्री गारवा. रात्र गार असली की मण्यातलं आम्ल टिकून राहतं, आणि आम्लाशिवाय वाइनला कणा नसतो. तोडणी लांबून मार्चच्या झळांत गेली की साखर चढत जाते, आम्ल भराभर उतरतं. दुसरा धोका नोव्हेंबरातल्या अवकाळी पावसाचा. फुलोऱ्यात बाग ओली राहिली की डावणी ही बुरशी घडावरच बसते आणि चार दिवसांत वर्ष हातचं जातं. पुढे गारपीट आहेच.

तोडणीची तारीख नुसत्या गोडीवर ठरत नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, पाहायचा, सोबत पीएच आणि आम्ल मोजायचं, आणि बी चावून पाहायची: हिरवी, कडवट असेल तर थांबायचं, तपकिरी होऊन कुरकुरीत लागली तर तुरटपणा देणारं टॅनिन पिकलं. पांढऱ्या वाइनसाठी 21-22 ब्रिक्स आणि पीएच 3.2 ते 3.4, लालसाठी 23-24 ब्रिक्स आणि पीएच 3.6 च्या आत, हा ढोबळ अंदाज. 22 ब्रिक्सच्या रसातून साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल मिळतं. पीएच 3.8 च्या पुढे गेला की लाल रंग मंदावतो, जिवाणूंचं फावतं आणि त्यांना रोखायला घातलेला सल्फाइटही नीट काम करत नाही.

इथे एक गैरसमज सांगायलाच हवा. नाशिकची खायची द्राक्षं वाइनला चालत असतील असं बहुतेकांना वाटतं. थॉमसन सीडलेस या खायच्या वाणाचा मणी जिबरेलिक आम्लाच्या (वाढीच्या संप्रेरकाच्या) फवाऱ्याने फुगवलेला असतो, साल पातळ, बी नाही, आम्ल कमी. वाइनचा रंग, टॅनिन आणि बराचसा वास सालीत असतो. शिराझचा मणी जेमतेम दीड ग्रॅमचा, म्हणून रसाच्या मानाने साल भरपूर. खाताना आपल्याला जे नको असतं, जाड साल, बी, आंबटपणा, तेच वाइनला हवं असतं.

वाइनरीत आल्यावर काम राखणीचं. देठ काढून मणी फोडताना टनामागे 60 ते 80 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, म्हणजे रानटी जिवाणू दबतात आणि रस काळवंडत नाही. पांढऱ्याचा रस लगेच दाबून सालीपासून वेगळा करतात, रात्रभर गार ठेवून गाळ बसू देतात आणि 13 ते 16 अंशांवर दोन-तीन आठवडे आंबवतात. लाल मात्र सालीसकट, 24 ते 28 अंशांवर, आठवडा-दहा दिवस. वायूच्या जोराने साली वर येऊन जाड थर जमतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर खालून पंपाने रस आणून वर शिंपावा लागतो. हयगय झाली आणि थर वरून सुकला की त्यावर व्हिनेगरचे जिवाणू बसतात. टाकीचं तापमान 33-35 च्या वर गेलं तर यीस्ट दमतं, साखर शिल्लक राहून आंबणं अडकतं, आणि अडकलेली टाकी पुन्हा चालू करणं हे वाइनरीतलं सगळ्यात नकोसं काम. रसात नत्र कमी पडलं तर सडक्या अंड्याचा वास येतो. वेळेवर थोडं अमोनियम फॉस्फेट दिलं आणि हवा दाखवली की जातो, उशीर झाला की कायमचा मुरतो. हे सगळं कौशल्याचं काम आहे यात वाद नाही. पण बागेतून आलेल्या मालात जे नव्हतं ते टाकीत येत नाही, ही गोष्ट कुठलाही वाइनमेकर नाकारणार नाही.

बिअरच्या भट्टीत मात्र प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी काहीतरी ठरवत असतं. पहिला टप्पा माल्टचा. जव दोनेक दिवस भिजवून त्यातलं पाणी 42 ते 46 टक्क्यांवर आणायचं, चार-पाच दिवस मोड येऊ द्यायचे, मग गरम हवेने वाळवून वाढ थांबवायची. बाळाच्या पेजेसाठी मोड आणून केलेलं नाचणीचं सत्त्व घट्ट होत नाही आणि किंचित गोड लागतं, त्याचं कारणही हेच: मोडाबरोबर दाण्यात अमायलेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ते पिष्ट तोडायला लागतं. फिकट माल्ट 80-85 अंशांवर वाळवतात. जास्त भाजलं की कॅरॅमल, बिस्कीट, कॉफी अशा चवी येतात, पण एन्झाइम मरतात. म्हणून स्टाउट या काळ्या बिअरमध्येही काळं माल्ट दहा टक्क्यांच्या आसपासच असतं, बाकीचं सगळं फिकट.

हजार लिटर साध्या बिअरला, म्हणजे पाच टक्क्यांच्या आतल्या, साधारण 180 किलो माल्ट लागतं. ते पीठ होईपर्यंत दळायचं नाही, दाणा फोडायचा आणि तूस अखंड ठेवायचं, कारण पुढे तेच तूस गाळणीचं काम करतं. बारीक दळलं की गाळताना लगदा चिकटून बसतो आणि रस खाली उतरतच नाही. गव्हाला तूस नसतं, म्हणून गव्हाच्या बिअरमध्ये हा त्रास जास्त. त्यावर साधा उपाय म्हणजे स्वच्छ धुतलेलं भाताचं तूस मिसळणं.

मग मॅश. किलोला तीन लिटर गरम पाणी आणि मिश्रण 62 ते 69 अंशांच्या मध्ये तासभर. बिअरचा स्वभाव या सात अंशांत ठरतो, म्हणून हा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 63 च्या आसपास ठेवलं तर बीटा अमायलेज जोरात चालतं, जवळजवळ सगळ्याची यीस्टला पचणारी साखर होते, बिअर कोरडी आणि हलकी निघते. 68 ला ठेवलं तर अल्फा अमायलेजचा जोर वाढतो, न पचणाऱ्या मोठ्या शर्करा शिल्लक राहतात आणि बिअर तोंडात भरल्यासारखी लागते. सत्तरी ओलांडली की बीटा झपाट्याने मरतं आणि ते परत आणता येत नाही. तापमापी दोन अंश चुकीची दाखवत असेल तर त्याच माल्टची वेगळीच बिअर होते, म्हणून घाण्याआधी ती तपासून घेतलीच पाहिजे. पाण्याचं तसंच. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर मॅशचा पीएच 5.2 ते 5.6 च्या पट्ट्यात उतरत नाही, एन्झाइम सुस्तावतात आणि तुसातला तुरटपणा रसात येतो. लॅक्टिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने तो खाली आणावा लागतो. रस काढून घेतल्यावर वरून धुवायचं पाणीही 77 अंशांच्या पुढे नको, नाहीतर तुसातला तोच तुरटपणा उतरतो.

या गोड रसाला वर्ट म्हणतात. तो तास ते दीड तास खळखळून उकळायचा, झाकण न लावता. झाकण लावलं तर उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं एक गंधकाचं संयुग वाफेबरोबर निघून न जाता परत त्यातच टपकतं. सुरुवातीला घातलेले हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, कडवटपणा देतात, शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घातलेले वास देतात. हजार लिटरला मध्यम कडवटपणासाठी दहा टक्के अल्फा आम्लाचे (हा त्यांचा कडवट घटक) हॉप्स 600-700 ग्रॅम पुरतात, आणि एवढ्याशा फुलांनी शे-दोनशे किलो धान्याची चव सावरते. उकळी थांबली की तासाभराच्या आत गार करायचं: उबेत आंबणाऱ्या एल बिअरसाठी 18-20 अंश, थंडीत आंबणाऱ्या लागरसाठी 10-12. इथून पुढे जे जे त्या रसाला शिवेल ते सगळं निर्जंतुक हवं. लागरच्या शेवटी दोन-तीन दिवस तापमान 16 च्या आसपास वर नेतात, म्हणजे लोण्यासारखा वास देणारं डायअसेटिल यीस्ट स्वतःच परत खाऊन टाकतं. घाईत हा टप्पा गाळला की बिअरला बटरस्कॉचचा वास येतो.

या दोन कामांचे कायदे पाहिले की त्यांचा स्वभाव आणखी उघड होतो. पोर्तुगालमध्ये 1756 साली दोरो खोऱ्याची हद्द आखून दिली गेली: पोर्ट वाइनची द्राक्षं याच जमिनीवरची हवीत. फ्रान्सने 1935 पासून प्रदेशानुसार नावं राखण्याची देशभर व्यवस्था केली. वाइनचे कायदे जमिनीचे नकाशे आहेत. जर्मनीतल्या बव्हेरियात 23 एप्रिल 1516 ला निघालेला बिअरचा प्रसिद्ध हुकूम जमिनीबद्दल चकार शब्द काढत नाही. तो सांगतो की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं, आणि ती हिवाळ्यात व उन्हाळ्यात जास्तीत जास्त काय भावाने विकायची. जव का? तर गहू आणि राय पावासाठी राहावेत. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण ते काय असतं हे तेव्हा ठाऊकच नव्हतं.

ते ठाऊक होण्यातही दोघींचा वाटा वेगळा आहे. पाश्चरचा वाइनवरचा ग्रंथ 1866चा, बिअरवरचा 1876चा. पण एकाच यीस्ट पेशीपासून शुद्ध वाण वाढवण्याचं काम 1883 मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने केलं. पीएचचं मापही तिथलंच, 1909 साली सोरेन्सेनने दिलेलं. संख्याशास्त्रातली टी-चाचणी 1908 मध्ये गिनेस या बिअर कंपनीच्या नोकरीत असलेल्या गॉसेटने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापली. रोज नवा घाणा लावणाऱ्याला कालची बिअर आजही तशीच हवी असते, म्हणून मोजमापाची गरज तिथे आधी भासली. बागेवाल्याला यंदाचं वर्ष गेल्या वर्षासारखं निघणार नाही हे माहीतच असतं. तो बाटलीवर साल छापून मोकळा होतो.

दोन्ही परंपरा शेजारी-शेजारी पाहायच्या असतील तर बव्हेरियाच्या उत्तरेकडच्या फ्रँकेनसारखी जागा नाही. पूर्वेला बाम्बेर्ग, पश्चिमेला व्युर्त्सबुर्ग, रेल्वेने तासाभराचं अंतर, माइन नदीचंच खोरं, भाषा एक, जेवण जवळपास एक. पण पूर्वेकडचे लोक बिअर पितात आणि पश्चिमेकडचे वाइन. व्युर्त्सबुर्गच्या बाजूला चुनखडीचे उतार आहेत, हवा जरा उबदार आणि कोरडी. तिथे सिल्व्हानर द्राक्ष छान पिकतं. जर्मनीत त्याची पहिली लागवड 1659 मध्ये याच भागात, कास्टेल गावी झाली. पूर्वेकडे थंडी जास्त. एके काळी बव्हेरियाच्या बऱ्याच भागात वाइनच प्यायली जायची, बाम्बेर्गच्या टेकड्यांवरही वेली होत्या. सोळाव्या-सतराव्या शतकात हवा थंडावत गेली, 1618 ते 1648 च्या तीस वर्षांच्या युद्धाने बागा उजाड केल्या, आणि जिथे वेल पुन्हा उभी राहू शकली नाही तिथे जव आला.

व्युर्त्सबुर्गमध्ये बाग ही पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत असते. 1576 साली स्थापन झालेल्या युलिउसस्पिटाल या धर्मादाय रुग्णालयाच्या मालकीचे द्राक्षमळे आहेत आणि संस्थेच्या खर्चाला त्यांचा आजही हातभार लागतो. तिथली वाइन बॉक्सबॉयटेल नावाच्या चपट्या, गोलसर बाटलीत येते. संध्याकाळी लोक जुन्या दगडी पुलावर पाव लिटरचा पेला घेऊन उभे राहतात. समोरच्या उतारावर वेलींच्या रांगा दिसत असतात.

बाम्बेर्गचा अभिमान आहे धुराची बिअर. श्लेंकेर्ला या जुन्या गुत्त्याच्या भट्टीत माल्ट अजूनही बीच लाकडाच्या आगीवर वाळवतात. एके काळी बहुतेक माल्टला असाच धूर लागायचा. सतराव्या-अठराव्या शतकांत कोक आणि मग अप्रत्यक्ष उष्णतेच्या भट्ट्या आल्या, तसा जगभरातल्या बिअरमधून धूर निघून गेला. इथे तो हट्टाने राखला. बिअर गडद, 5.1 टक्क्यांची, पहिल्या घोटाला धुरावलेल्या मांसासारखी लागते. तिथले लोक सांगतात, पहिल्या पेल्यावर मत बनवू नका, तिसऱ्यापर्यंत थांबा. या बिअरचा जव नेमका कुठल्या शेतातला हे तिथे कुणी विचारत नाही. भट्टी कुणाची, लाकूड कसलं, एवढं विचारतात.

गंमत अशी की पिण्याच्या रिवाजात हे दोन शेजारी सारखेच आहेत. फ्रँकेनमधला द्राक्षवाला वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, चाळीस खुर्च्यांपर्यंत, आपल्या घरी किंवा कोठारात स्वतःची वाइन विकू शकतो. दारावर फांद्यांची जुडी लावली की समजायचं आज उघडं आहे. आणि पूर्वेला लागूनच ओबरफाल्त्समध्ये काही गावांची सामायिक बिअरभट्टी असते. वर्ट तिथे एकत्र उकळायचा, आपापला वाटा घरी नेऊन तळघरात आंबवायचा, आणि ज्याची बिअर तयार असेल त्याने दारावर सहा टोकांची चांदणी टांगायची. फांद्यांची जुडी काय, चांदणी काय, शेजाऱ्यांना निरोप तोच: घरचं पेय तयार आहे, या. त्यामुळे वाइन म्हणजे दरबारी आणि बिअर म्हणजे रस्त्यावरची, हे मला शहरातल्या दुकानदारीने पसरवलेलं खूळ वाटतं.

टिकण्याच्या बाबतीत मात्र दोघींना एकाच मापाने मोजता येत नाही. व्युर्त्सबुर्गच्या स्टाइन मळ्यातली 1540च्या कडक उन्हाळ्यातली वाइन 1961 मध्ये लंडनला उघडली गेली. दोन घोटांपुरती ती जिवंत होती, मग हवा लागून संपली. एवढं आयुष्य फार थोड्या वाइनला असतं. नाशिकच्या बहुतेक पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत प्याव्यात. जपून ठेवली की चांगली होईल या समजुतीने कपाटात, तेही चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, ठेवलेली शेनिन हमखास वाया जाते. बिअर तर जवळजवळ सगळीच ताजी प्यायची. भरल्याची तारीख पाहूनच बाटली घ्यावी. उन्हात मांडलेली हिरवी किंवा पारदर्शक बाटली घेऊच नये, कारण प्रकाशाने हॉप्सच्या कडवट घटकांतून एक उग्र वास तयार होतो. त्याला काही तासही पुरतात. तपकिरी काच बरीच आड येते, कॅन पूर्ण. पुण्यात 2009 मध्ये दुलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारी छोटी भट्टी, सुरू झाल्यापासून अशी बिअर लोकांना आवडली, त्यातलं मोठं कारण हा ताजेपणाच आहे. गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टने दिलेला असतो, आणि काही आठवड्यांत तो विरतो.

‘बिअरच तर आहे’ असं म्हणून हिशेब सोडणाऱ्यांसाठी एक गणित. आपल्याकडे आठ टक्क्यांपर्यंतच्या स्ट्रॉंग बिअरचा खप मोठा. 650 मिलीच्या तशा बाटलीत 52 मिली शुद्ध अल्कोहोल असतं. 13 टक्क्यांची वाइन 400 मिली प्यायली तरी तेवढंच, म्हणजे अर्ध्या बाटलीहून जास्त. आणि आठ टक्क्यांची अशी बिअर घशाखाली उतरावी म्हणून ती बर्फासारखी गार करतात, त्यात चव सगळी दबते. लागर 5-7 अंशांवर, गव्हाची 8 च्या आसपास, एल 10-12 वर प्यावी. लाल वाइन खोलीच्या तापमानाला असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ती खोली युरोपातली, 16-18 अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात शिराझची बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये घालावीच लागते.

आपल्या जेवणाबरोबर काय, हा प्रश्न नेहमी येतो. तिखटाची आग अल्कोहोलने वाढते, टॅनिनने वाढते आणि हॉप्सच्या कडवटपणानेही. म्हणून तांबड्या रस्श्याबरोबर कॅबरने किंवा आयपीए ही भरपूर हॉप्सची कडवट बिअर, दोन्ही चुकीचं. किंचित गोडसर शेनिन किंवा कमी हॉप्सची गव्हाची बिअर घ्यावी. तळलेल्या सुरमईला सोव्हिन्यॉंचा आंबटपणा लिंबासारखा उपयोगी पडतो. भरल्या वांग्यातलं भाजलेलं दाण्याचं कूट, थालीपिठाचा खरपूसपणा यांना माझ्या मते वाइनपेक्षा अंबर एल जवळची, कारण माल्टही भाजलेलंच असतं. पुरणपोळीबरोबर मात्र उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइनच हवी, आणि ती पुरणाहून गोड हवी, नाहीतर आंबट लागते.

राज्याच्या धोरणात वाइन शेतमालाच्या बाजूने उभी राहते. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन ठेवू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा समर्थनाचा मुख्य मुद्दा द्राक्ष उत्पादकाचं उत्पन्न हाच होता, विरोधही तितकाच जोरदार झाला. बिअरला तसा मुद्दा मांडता येत नाही. माल्टचा जव राजस्थान, हरियाणाकडून येतो. हॉप्स परदेशातून, कारण त्यांची वेल पुरेशी वाढून भरघोस फुलायला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो आणि तो आपल्या अक्षांशावर मिळत नाही.

पण बिअर कृतीवर चालते, म्हणून तिला धान्य बदलता येतं, आणि इथे ज्वारीचा विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. नायजेरियाने 1988 मध्ये जवाच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठ्या कंपन्यांना ज्वारीकडे वळावं लागलं आणि ते जमलं. सोलापूर-मंगळवेढ्याच्या ज्वारीवरही हे करता येईल, मात्र तिच्या अडचणी ठाऊक हव्यात. ज्वारीचं पिष्ट जवापेक्षा जास्त उष्णतेला, 68 ते 78 अंशांवर फुलतं, म्हणजे साध्या मॅशमध्ये ते कच्चंच राहील. ज्वारीत बीटा अमायलेजही कमी. मोड आणले तर कोंब आणि मुळांत सायनाइड देणारं द्रव्य तयार होतं, कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते त्यामुळेच. वाळवल्यावर ते कोंब आणि मुळं चोळून पूर्ण काढून टाकावी लागतात. त्यापेक्षा सुरुवातीला मोड न आणताच करावं: एकूण धान्याच्या पंचवीस-तीस टक्के ज्वारी भरडायची, तिच्यात दहावा हिस्सा जवाचं माल्ट मिसळायचं म्हणजे लगदा तळाला लागत नाही, हळूहळू तापवत अर्धा तास उकळू द्यायचं, आणि हा उकळता लगदा 50 अंशांवर थांबवलेल्या जवाच्या मॅशमध्ये ओतून सगळं 65 वर आणायचं. ज्वारीलाही तूस नाही, तेव्हा भाताचं तूस धान्याच्या तीन-चार टक्के आधीच मिसळून ठेवावं, नाहीतर गाळणी भरणार हे नक्की.